आर्डिसच्या तळ्याकाठचा खड्डा

आर्डिस टॉलेफसन मिनेसोटातल्या एका लहानशा गावच्या पोस्टात अख्खी नोकरी करून निवृत्त झाली. गावाला ती कमी बोलणारी, कुणाच्या अध्यात ना मध्यात अशी बाई म्हणून ठाऊक. हीच बाई वर्षाआड दोन जुन्या दोस्तांबरोबर एका ताटात हातानं जेवते, हे मात्र कुणाला सांगून पटलं नसतं.

तरुणपणी ही तिघं स्वयंसेवक म्हणून आफ्रिकेत, मलावीतल्या एका खेड्यात होती. आर्डिस गणित शिकवायची. न्यू जर्सीची कॉनी अब्रुझो दवाखान्यात बाळांची वजनं करायची. आणि नेब्रास्काचा गॉर्डी पेट्राक संडास बांधायचा. त्याच्या पहिल्याच संडासाची भिंत उद्‌घाटनाच्या दिवशी कोसळली, तेव्हा आत हेडमास्तर बसले होते. हेडमास्तरांना खरचटलंसुद्धा नाही, पण गॉर्डीची अब्रू गेली ती गेलीच. पुढे तो दातांचा डॉक्टर झाला, नातवंडांचा आजोबा झाला, तरी कॉनी त्याची ओळख करून देताना "हा आमचा भिंतवाला" असंच म्हणते.

यंदा जमायची पाळी आर्डिसकडे होती. नवरा, मर्ल, गेल्यापासून ती तळ्याकाठच्या केबिनमध्येच राहत होती. केबिनची दुरुस्ती-देखभाल सगळी मर्लकडे असायची. संडासाची टाकी अधूनमधून उपसून घ्यावी लागते, हे तो तिला कधी बोलला नव्हता. शनिवारी सकाळी कॉनी आंघोळीला गेली आणि तशीच परत आली.

"आर्डिस, तुझा संडास वर येतोय."

"वर म्हणजे?"

"अगं, वर म्हणजे वर. जे खाली जायचं ते."

टाकी उपसणाऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, सोमवारशिवाय जमणार नाही. गावातलं एकुलतं मोटेल मासेमारीच्या स्पर्धेमुळं भरलेलं. तिघंही सत्तरी ओलांडलेली, सोमवारपर्यंत कळ काढणं कुणाच्याच हातात नव्हतं. गॉर्डीनं कॉफीचा मग खाली ठेवला आणि गंभीरपणे विचारलं, "फावडं कुठं आहे?"

फावडं सापडलं. पण गॉर्डीच्या छातीत नुकताच पेसमेकर बसवलेला, त्यामुळं खणायचं काम दोघी बायकांवर आलं. गॉर्डी घडीच्या खुर्चीत बसून हुकूम सोडू लागला.

"वारा तळ्याकडून येतोय. तोंड पूर्वेला हवं."

"आधी तू तुझं तोंड मीट," कॉनी म्हणाली. तिचे गुडघे करकरत होते.

खड्डा कमरेइतका होईपर्यंत गॉर्डीला डुलकी लागली. हॅट तोंडावर, हात पोटावर. नेमका त्याच वेळी शेजारचा वेंडेल स्ट्रॉम कुंपणापाशी आला. हा एकटाच राहायचा. गेल्या दोन वर्षांत आर्डिस त्याला लांबूनच मान डोलवायची, त्यापलीकडं काही नाही.

"काय चाललंय?"

"खड्डा खणतोय," आर्डिस म्हणाली.

"ते दिसतंय. कशासाठी?"

परक्या पुरुषासमोर संडासाचं नाव कसं काढायचं? आर्डिसनं खुर्चीकडं बोट केलं. "गॉर्डीनं सांगितलं होतं."

स्ट्रॉमनं खुर्चीकडं पाहिलं आणि हळूच टोपी काढली. "कधी झालं हे?"

"सकाळीच," कॉनी म्हणाली. "काही कल्पनाच नव्हती. एकदम वर आलं."

"कुणाला बोलावलंत का?"

"बोलावलं की. पण तो सोमवारी येणार. तोवर थांबणं शक्य आहे का, तुम्हीच सांगा. या उन्हात?"

"नाही, ते खरं आहे," स्ट्रॉम चाचरत म्हणाला. "तरी पण, असं परस्पर..."

"अजून खोल घ्या," हॅटखालून गॉर्डी म्हणाला. "एवढ्यात माझं भागायचं नाही."

स्ट्रॉम मातीच्या ढिगावर मटकन बसला. कॉनीनं त्याला पाणी दिलं आणि खरा प्रकार सांगितला.

"तळ्यापासून इतक्या जवळ असा खड्डा चालत नाही. कायदा आहे," तो म्हणाला. "आणि माझ्याकडे दोन संडास आहेत. मागायचं नाही का?"

"अवघड वाटलं मागायला," आर्डिस म्हणाली.

"खड्डा खणण्यापेक्षा?"

आर्डिसनं फावडं खाली ठेवलं. मलावीत ती कुठल्याही झोपडीत शिरून हवं ते मागायची, अर्धवट भाषेत, न लाजता. ती मुलगी कुठं गेली, तिलाच कळेना.

दुपारभर तिघं आळीपाळीनं स्ट्रॉमकडं जाऊन आली. मग दोघींनी खड्डा पुन्हा बुजवला. गॉर्डी हळहळला. "माझा हा एकच संडास कधी कोसळला नसता."

"कुणी आत गेलंच नसतं," कॉनी म्हणाली.

संध्याकाळी स्ट्रॉमला जेवायला बोलावणं भागच होतं. आर्डिसनं मक्याच्या पिठाची घट्ट न्सिमा घोटली, शेंगदाण्याच्या कुटातली पालेभाजी केली. स्ट्रॉमनं काटा उचलला, तो कॉनीनं काढून घेतला. दोन घासांत त्याला हातानं जेवणं जमलं. हेडमास्तरांची गोष्ट ऐकून हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. मग डोळे पुसत त्यानं विचारलं, "विटा पुऱ्या वाळल्या होत्या का?" जन्मभर त्यानं घरं बांधली होती.

"नव्हत्या," गॉर्डी उठून उभाच राहिला. "हेच तर मी पन्नास वर्षं सांगतोय. या दोघींना ऐकायचंच नाहीये."

त्यानंतर दोघं विटांवर जे बोलत बसले, ते भांडी घासून झाली तरी संपेना.

रविवारी कॉनी आणि गॉर्डी निघताना स्ट्रॉम निरोपाला आला. "पुढच्या वेळी कुठं जमायचं?"

"माझ्याकडे," कॉनी म्हणाली. "पण आमच्यात फक्त मलावीत राहिलेली माणसं येतात."

"मी नसेन राहिलो. पण कालपासून मलावीत राहिलेली माणसं माझ्याच घरात आहेत."

कॉनीनं पर्समधून पेन काढलं आणि त्याला आपला पत्ता लिहून दिला.

सोमवारी टाकी उपसली गेली. मंगळवारी सकाळी आर्डिसकडची साखर संपली. गाडी दारात होती, दुकान उघडं होतं. ती थोडा वेळ दारात उभी राहिली, मग रिकामी वाटी घेऊन स्ट्रॉमकडं गेली आणि साखर घेऊन थेट जेवणाच्या वेळेला परतली.