दवाखान्यातला फुटलेला तारा

वहिनींचं काम फुटलेल्या ताऱ्यांचं. अंतराळातली दुर्बीण त्या ताऱ्यांचे एक्स-रे टिपायची आणि वहिनी संस्थेत कॉम्प्युटरसमोर बसून त्यांत रंग भरायच्या. यजमान दातांचे डॉक्टर. त्यामुळे सासूबाई भेटेल त्याला सांगून मोकळ्या होत, "आमच्याकडे दोघंही एक्स-रेच बघतात."

एकदा वहिनींनी एका ताऱ्याचा मोठा फोटो घरी आणला. मधोमध पांढराशुभ्र गोळा, खाली फुटलेले दोन फाटे, भोवती तांबूस धूर. सासूबाईंनी तो परस्पर लेकाच्या दवाखान्यात, पेशंट बसतात तिथं टांगला.

पेशंट गळू लागले. कुणाला गॅसवरचं दूध आठवलं, कुणाची दाढ दारातच दुखायची थांबली. शाळेतले व्यायामशिक्षक, दंड म्हणजे नुसते खांब, फोटोकडे बघत बघत उठले आणि बूट हातात घेऊनच पसार झाले.

डॉक्टरांनी फोन केला. "अगं, तुझा तारा हुबेहूब किडलेल्या दाढेसारखा दिसतो. ये आणि काय ते लोकांना समजाव."

वहिनी धावत गेल्या. समोर सुजलेल्या गालांची रांग.

"घाबरू नका. ही दाढ नाही," त्या म्हणाल्या. "हा फार पूर्वीच फुटला."

"फुटला?" एका आजोबांनी गाल धरला.

"चिंधड्या उडाल्या. आता मधे नुसता मेलेला गाभा उरलाय. पण तो गरगर फिरतो आणि सारखा वारा सोडतो. त्याचाच हा उजेड."

आजोबा उठले. त्यांच्यामागे सगळी रांग उठली.

"समजावलंस?" डॉक्टरांनी आतून विचारलं.

"समजावलं," वहिनी रिकाम्या बाकाकडे बघत म्हणाल्या.

मग सूत्रं सासूबाईंनी हाती घेतली. फोटोखाली खुर्ची टाकून त्या येणाऱ्याला सांगू लागल्या, "हा वेळेवर आला नाही. तुम्ही आलात, बरं केलंत." दवाखाना पुन्हा भरला. लोक घरच्यांनाही धरून आणू लागले.

पुढं दुर्बिणीनं त्याच ताऱ्याकडे बराच वेळ रोखून पाहिलं, तेव्हा स्फोटातून उडालेलं फिकट कवच कडेनं दिसलं. इतकी वर्षं ते कुणालाच सापडलं नव्हतं. वहिनी हरखून नवा फोटो लावायला गेल्या, तर व्यायामशिक्षक बसलेले. दुखणं असह्य झालं होतं.

"अजून ठणकतो का हो हा?" त्यांनी हळूच विचारलं.

"गाभा ना? ठणकतो. सेकंदाला कितीतरी वेळा. हजारो वर्षं झाली."

"आणि कुणी काहीच केलं नाही?"

"फार लांब आहे तो."

शिक्षकांनी स्वतःहून आत जाऊन तोंड उघडलं.

अर्ध्या तासानं ते तोंडात कापूस कोंबून बाहेर आले, फोटोकडे बोट केलं आणि काहीतरी विचारलं. एक अक्षर कळलं नाही, पण वहिनींनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"बरा आहे तो," त्या म्हणाल्या. "तुम्ही आज थंडच खा."