उजवीकडून उघडलेलं पुस्तक

पप्पांना जाऊन महिना होत आला आणि माझ्याकडून पत्रक लिहून होत नव्हतं. मुद्दे तयार होते: आरोग्य केंद्राला कुलूप, डॉक्टर गैरहजर, रुग्णवाहिका निघालीच नाही. दुसऱ्यांच्या अशा मरणांवर मी बसल्या बैठकीला पत्रकं खरडली आहेत. 'जाहीर निषेध' लिहिलं की पुढचं आपोआप यायचं. आता तेवढंच लिहून पेन ठेवायची. राग होता, पण दाढ काढताना इंजेक्शन दिल्यावर गाल असतो तसा. आपलाच, पण लागत नाही. मोर्चा सोमवारी होता.

माझ्याबरोबर पत्रकं वाटणारी पिंपळगाव राजा गावची मैत्रीण घरी आली. शेगावच्या रद्दीवाल्याकडून तिने एक पुस्तक आणलं होतं. कव्हर फाटलेलं, पानभर एकेक चित्र, आत अक्षर नाही.

"वाचून डोकं दुखते ना तुहं? मंग हे पाय."

पाहिलं. घरातून एक खाट तरंगत निघते, वर माणूस झोपलेला. विहिरीवरून, झाडांवरून, हवेत पोहणाऱ्या माशांमधून. का, ते कोणी सांगत नाही. शेवटी आभाळात नुसता ठिपका. महिनाभर जो तो मला समजावत होता. हे पुस्तक काहीच समजावत नव्हतं. बरं वाटलं असं नाही, पण पानं उलटत राहिले.

"गेला बिचारा," मी म्हणाले.

"कुठी गेला? घरी आला ना थो!"

"आला? डोये फुटले का वं तुहे?"

"तुहेच फुटले. आभायातून येते, खाट घरात उतरते. सरळ तं आहे!"

तिने उघडून दाखवलं, उजवीकडून. उर्दू शाळेत शिकलेली ती. तिचं पुस्तक तिथूनच सुरू होतं. खरं कोणतं यावर आम्ही भांडलो. साहेबांना निरुत्तर करणाऱ्या आम्ही दोघी, पण निकाल लावायला पुस्तकात एक शब्द नव्हता.

मग ती हळूच म्हणाली, "पत्रक मी लिवू का?"

"लिव."

"पप्पाचं नाव टाकू?"

"टाक."

सोमवारी मी ते वाटलं. वाचलं नाही. केंद्राला कुलूपच होतं. निवेदन दाराला चिकटवून आलो.

घरी आल्यावर पुस्तक उजवीकडून उघडलं. ठिपका, मासे, झाडं, विहीर. खाट घरात उतरते. त्यापुढे पान नाही.