डावीकडचा ब्रेक

माझे सासरे भाऊ डोंबिवलीत एकतीस वर्षं मोटार ट्रेनिंग स्कूल चालवतात. म्हणजे एकतीस वर्षं ते गाडीत डावीकडेच बसलेत. शिकवायच्या गाडीला डावीकडेही एक ब्रेक असतो, आणि त्या ब्रेकच्या भरवशावर अर्धी डोंबिवली गाडी शिकली. त्याचा परिणाम असा, की कुणाच्याही गाडीत बसले तरी त्यांचा पाय आपोआप खाली दाबला जातो. आमच्या घरच्या गाडीत डावीकडे ब्रेक नाही, पण तिथल्या मॅटला भोक पडलंय. दुसरा कुणी चालवत असताना भाऊंचा डोळा लागल्याचं आजवर ऐकिवात नाही. ‘‘ज्याच्या शेजारी मला झोप लागेल, तो खरा ड्रायव्हर,’’ असं ते प्रत्येक बॅचला सांगतात.

सासूबाईंना, म्हणजे आमच्या कलावती आईंना, त्यांनी कधी शिकवलं नाही. घरच्या माणसाला शिकवलं की भांडणं होतात, हे त्यांचं ठाम मत. (भांडणं तशीही होतात, ते सोडा.) शेवटी छप्पन्नाव्या वर्षी आई भजनाला जाते म्हणून सांगून कल्याणच्या एका स्कूलमध्ये शिकल्या, आणि लायसन्स भाऊंच्या डब्यात पोळीखाली ठेवून दिलं. आई शिकल्या त्यापेक्षा कल्याणला शिकल्या, हे भाऊंना जास्त लागलं.

आईंना आता एकच हवं होतं. भाऊंना शेजारी बसवून माळशेज घाट चढायचा, आणि भाऊंनी पाय हलवायचा नाही. हलवला तर गाडी तिथून मागे. आश्विनातल्या एका सकाळी आम्ही निघालो. मी मागे, साक्षीदार.

गोवेलीला बकरी आडवी आली आणि भाऊंचा पाय गेलाच.

‘‘पेटका आला,’’ भाऊ म्हणाले.

‘‘बरं,’’ आई म्हणाल्या.

मुरबाडच्या पुढे रस्ता मोकळा झाला. दोन्हीकडे भात पिवळं पडलेलं, समोर डोंगरांची रांग. आई निवांत चालवत होत्या. एका झाडाखाली थांबून आम्ही काकड्या घेतल्या, मीठ लावून खाल्ल्या, उरलेल्या भाऊंकडे ठेवल्या. सरळगावला टेम्पोच्या मागे भाऊंना पुन्हा पेटका आला.

घाटाच्या पायथ्याशी आईंनी गाडी बाजूला घेऊन बंद केली.

‘‘अहो, आता दाबलात तर इथूनच वळते. परत कधी बसा म्हणणार नाही तुम्हाला.’’

आवाज शांत होता, पण किल्ली त्यांनी काढून मुठीत घट्ट आवळली होती. मला फार वाईट वाटलं. भाऊंनीही ती मूठ पाहिली असावी. त्यांनी चपला काढून माझ्याकडे मागे दिल्या आणि सीटवर चक्क मांडी घातली.

‘‘आता पाय खालीच नाही. चल.’’

पहिल्या वळणावर त्यांनी गुडघे घट्ट धरले. दुसऱ्या वळणावर ‘हाफ क्लच’ तोंडात आलेलं काकडीच्या घासाबरोबर गिळलं. पुढे मी खिडकीबाहेर हरवले. कड्यांवर सोनकीची उशिराची पिवळी फुलं होती, पाण्याच्या बारीक धारा होत्या, कठड्यावर माकडं बसली होती. एक भला मोठा ट्रक अंगावर आल्यासारखा वळला. आईंनी गाडी शांतपणे कडेला दाबली आणि त्याला जाऊ दिलं. भाऊ काहीच बोलले नाहीत. रागावले बहुतेक, असं मला वाटलं.

बोगदा गेला, चढ संपला. सगळे फोटोला थांबतात तिथे आईंनी गाडी हळू केली आणि डावीकडे पाहिलं. भाऊंच्या हातात अर्धी काकडी होती, मान खांद्यावर पडली होती आणि ते घोरत होते.

आई थांबल्याच नाहीत. डोळे ओढणीने पुसले आणि पुढे लागणाऱ्या धरणाच्या पाण्याच्या कडेने गाडी चालवत राहिल्या, एकही खड्डा लागू न देता. इतक्या आनंदात मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

बऱ्याच वेळाने भाऊ जागे झाले. ‘‘घाट कधी लागणार?’’

‘‘गेला.’’

भाऊंनी मागच्या काचेतून डोंगर बघितला, मग आईंकडे बघितलं.

‘‘बरं,’’ ते म्हणाले. ‘‘उतरताना उठव मला.’’

आणि मांडी न मोडता त्यांनी पुन्हा डोळे मिटले.