चार बोटं जास्त कापड

रुग्णालयाच्या तळघरात शिवणखातं होतं. चार मशिनी, त्यातल्या चालू दोन, एक कापायचं टेबल आणि छताला लागून लांबट खिडकी. तिच्यातून रस्त्यावरच्या माणसांचे फक्त पाय दिसायचे. तिथे तिने सव्वीस वर्षं काढली. चादरी, उशांच्या खोळी आणि पेशंटचे मागून उघडे गाऊन. डॉक्टरांपासून सफाईवाल्यांपर्यंत सगळे तिला मावशी म्हणत. खरी मावशी ती एकाच मुलीची होती, धाकट्या बहिणीच्या.

नोकरीच्या सहाव्या वर्षी पित्ताशयातल्या खड्यांमुळे तिचं तिथेच ऑपरेशन झालं. आपणच शिवलेला गाऊन घालून ती पाच दिवस राहिली. संडासला जाताना एका हातात सलाईनची बाटली आणि दुसरा हात मागे, गाऊन धरायला. त्या पाच दिवसांत ती दुखण्याबद्दल फारसं बोलली नाही. पण कामावर परतली त्या दिवसापासून ती पाठीचे दोन्ही भाग चार-चार बोटं जास्त रुंद कापू लागली, म्हणजे एक पदर दुसऱ्यावर यावा. बंदही तिने मागून काढून कुशीला आणले, म्हणजे झोपल्यावर गाठ पाठीला टोचू नये.

भांडारातल्या साहेबांच्या ते लक्षात आलं. "मावशी, तेवढ्याच ताग्यात आता गाऊन कमी का निघतात?"

"साहेब, एकदा घालून जिना चढून बघा."

साहेबांनी घालून बघितला नाही, लेखी समज दिली. तिने बाह्या आखूड केल्या, लांबी थोडी कमी केली आणि गाऊन पूर्वीइतके निघू लागले. पुन्हा कुणी विचारलं नाही.

भाची कपड्यांचं डिझाइन शिकत होती. शेवटच्या वर्षाला असताना ती एकदा तळघरात आली आणि म्हणाली, "एखादा बाद झालेला गाऊन दे ना."

"कशाला? नाटकबिटक आहे का?"

"असंच, हवाय."

चार महिन्यांनी दोन पास आले. नव्या डिझायनर मुलामुलींचा फॅशन शो होता. बहिणीची नेमकी त्या दिवशी कामावर दुपारची पाळी होती, म्हणून मावशी नवऱ्याला घेऊन गेली. नवरा बसचालक म्हणून निवृत्त झालेला, गुडघ्यांनी बेजार. जुन्या छापखान्याच्या गोदामात मधोमध पांढरा पट्टा अंथरला होता आणि दोन्ही बाजूंना खुर्च्या मांडल्या होत्या. ह्या दोघांना दुसऱ्या रांगेत जागा मिळाली.

पहिल्याच मुलाचे कपडे तांब्याच्या तारांनी विणलेले होते. पुढच्या मुलीच्या झग्याला एकच बाही होती.

"कापड संपलं वाटतं," नवरा म्हणाला.

"गप्प बसा हो."

ती चेहऱ्यांकडे बघतच नव्हती. तिचं लक्ष शिवणींवर होतं. कुठे टीप वाकडी गेली होती, कुठे घेराला अजून टाचण्या तशाच होत्या. बाकी तिला कंटाळा आला नाही, की ती भारावूनही गेली नाही.

भाचीचा नंबर आठवा. विटकरी रंगाच्या जाड सुती कापडाचे पाच लांब कोट आले. पहिला समोरून बघताना तिला काही कळलं नाही. तो पुढे गेला आणि पाठ दिसली, तेव्हा तिचे कान गरम झाले. एकावर एक आलेले दोन पदर, कुशीला बंद. अभिमानबिभिमान नाही, आपली चोरी कुणी चव्हाट्यावर मांडावी तसं तिला झालं.

चौथ्या कोटाचा बंद अर्ध्या वाटेत सुटला. चालणाऱ्या बाईला ते कळलंच नाही. ती टोकापर्यंत गेली, वळली, परत आली. पाठ कुठेही उघडी पडली नाही. अख्ख्या गोदामात सुटलेला बंद फक्त मावशीने पाहिला.

शेवटी परीक्षकांनी एकेकाला प्रश्न विचारले. "ह्या पाठीची कल्पना कुठून आली?" एका बाईंनी भाचीला विचारलं.

"माझी नाही ती. माझ्या मावशीची. तिने शिवलेला पेशंटचा गाऊन उसवून मी कोट बेतले. ती तिथे बसलीय."

माना वळल्या. मावशी अर्धवट उठली.

"तुम्ही कुठे शिकलात?" परीक्षक बाईंनी विचारलं.

"शिकले नाही. आजारी पडले होते."

लोक हसले. तिने विनोद केला नव्हता. ती खाली बसली.

नंतर भाची पडद्यामागे फरशीवर पाय पसरून बसलेली सापडली.

"रागावलीस?"

"विचारायचं होतंस."

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणालेच असते." मावशीने शेजारी टांगलेला कोट उलटा करून पाहिला. "बंद तोकडे पडलेत. वीतभर वाढव. आणि टोकाला दुमड घाल, नाहीतर धुतल्यावर दशा निघतील."

भाचीने पेन शोधलं आणि तळहातावर लिहून घेतलं.

बक्षीस तारांवाल्या मुलाला मिळालं. भाचीला मात्र रुग्णालयांसाठी कपडे बनवणाऱ्या एका कंपनीने बोलावलं आणि ती तिथे लागली. पुढच्या वर्षी मावशीचं शिवणखातं बंद झालं, कपडे बाहेरून येऊ लागले. ती निवृत्तीच्या दोन वर्षं आधीच घरी बसली. बसली म्हणजे काय, रविवारी भाची नमुने घेऊन येते आणि दोघी तासन्‌तास बाहीच्या मुंढ्यावरून वाद घालतात. कधी हिचं चालतं, कधी तिचं.

त्या शोचे पास पुढच्या वर्षीही आले. नवरा नाही म्हणाला, म्हणून ती एकटी गेली आणि लवकर परतली.

"कसं होतं?" त्याने विचारलं.

"चांगलं होतं. खुर्च्या फार जवळजवळ मांडल्या होत्या, तुमचे गुडघे मावले नसते." एवढं बोलून ती हातपाय धुवायला गेली.