सासूबाईंची खुर्ची
वेल्डरचा हात सोन्याचा, पण स्वभाव इतका सरळ की समोरच्याला घाम फुटावा. आपला एखादा जोड कच्चा राहिला, तर तपासनीस यायच्या आधी हा स्वतःच त्याच्याभोवती खडूने गोल काढून ठेवायचा. बाकीचे कारागीर हसायचे. हसेनात का!

सरकारी गोदीच्या बंद विभागात, जिथलं काम गुप्त असतं, कायमची नोकरी निघाली, आणि हाताची परीक्षा त्याने चुटकीसरशी दिली. घोडं अडलं ते सुरक्षा परवानगीच्या अर्जावर. दारूच्या संदर्भात कधी गुन्हा दाखल झाला आहे काय, असं त्यात विचारलं होतं.

झाला होता ना! नऊ वर्षांपूर्वी मेहुण्याच्या बढतीची पार्टी झाली, चार पेले पोटात गेले आणि घरी येताना स्कूटर थेट उभ्या पोलीसगाडीवर गेली. आपटायचंच तर माणसाने जरा बघून आपटावं. मागे बसलेल्या बायकोचा हात मोडला. कोर्ट झालं, दंड झाला, परवाना सहा महिने जप्त. तेव्हापासून त्याने थेंबाला शिवलं नव्हतं, पण अर्जाला ते कुठून कळणार?

मेहुणा म्हणाला, 'नाही' लिहून मोकळा हो, जुनी मढी कोण उकरतंय. बायको म्हणाली, खरं लिहा, पण दोन ओळींत आटपा. वेल्डरने 'हो' लिहिलं आणि वर तीन पानांची पुरवणी जोडली. पेले किती, रस्ता कोणता, गाडीचा कुठला दिवा फुटला, सगळं साद्यंत. मेहुण्याने कपाळावर हात मारून घेतला. हातातोंडाशी आलेला घास गेलाच म्हणायचा.

मग एका संध्याकाळी चौकशी अधिकारी न कळवता घरी हजर झाले. घरात मायलेकी दोघीच. सासूबाई लेकीकडेच राहायच्या, आणि दाराजवळची खुर्ची ही त्यांची कायमची जागा. साहेबांचा मान म्हणून त्यांनी ती त्यांना दिली आणि स्वतः चहा टाकायला आत गेल्या. इथेच घोळ झाला.

कारण नऊ वर्षं त्या घरात एक रीत चालत आली होती. जावई कामावरून आला की त्या खुर्चीपुढे वाकायचा, तोंड उघडून श्वास सोडायचा, सासूबाई वास घ्यायच्या आणि म्हणायच्या, जा आत. वेल्डर आला तो मावळतीच्या उन्हातून, डोळे दिपलेले. सवयीने वाकला, आ वासला आणि साहेबांच्या चष्म्यावर लांबलचक हाऽऽ सोडलं. काचा धुरकटल्या.

समोर सासूबाई नाहीत, कुणी साहेब आहेत हे दिसलं, तसा तो हात जोडून मागे सरकला. बायकोने तोंडात पदर कोंबला. साहेबांनी शांतपणे चष्मा पुसला आणि हा काय प्रकार म्हणून विचारलं. सासूबाई चहा घेऊन बाहेर आल्या नि त्यांनी सगळी कथा सांगून टाकली. साहेब हसू दाबून दाबून लाल झाले. मग मात्र पेन उघडून त्यांनी गंभीरपणे विचारलं,

"आजी, नऊ वर्षं वास घेताय, म्हणजे यांच्यावर तुमचा विश्वास नाही असं लिहू का?"

साऱ्या नोकरीचा निकाल आता सासूच्या जिभेवर होता.

"विश्वास पहिल्याच वर्षी बसला," सासूबाई म्हणाल्या. "पण न सांगता रोज वाकतात, ते बघायला बरं वाटतं. तुम्हीच सांगा, कुणाचा जावई सासूपुढे रोज वाकतो?"

नऊ वर्षांत वेल्डर हे पहिल्यांदा ऐकत होता. तो तिथेच फरशीवर बसला आणि हसता हसता रडला. साहेब निघताना एवढंच म्हणाले, की जुनी चूक आम्ही तोलून बघतो, पण ती लपवली असतीत तर तिथेच फुली मारली असती.

दीड महिन्याने परवानगी आली. आता तो बंद विभागात जातो, आणि तिथे काय जोडतो ते घरी कुणाला सांगत नाही. सासूबाईंनी गोडीगुलाबीने विचारून पाहिलं, दोन दिवस अबोला धरून पाहिला, जावईबापू ढिम्म. शेजारणींकडे त्या याची तक्रार करत फिरतात, आणि ऐकणाऱ्या प्रत्येकीला कळतं, की बाई आनंदाने नुसत्या फुलल्यात.