जन्मतारखेचे तीन चौकोन

मावशीचा अंगठा मोबाइलवर एकसारखा टकटक करत होता. ज्येष्ठांच्या सहलीचा फॉर्म मीच बनवला होता आणि जन्मतारखेसाठी मोठ्या हौसेने कॅलेंडर टाकलं होतं. ते चालू महिन्यावर उघडायचं आणि एका टिचकीला एकच महिना मागे जायचं. मावशी अठ्ठ्याहत्तरची.

"झालं का गं?"

"थांब रे, आत्ता कुठे तुझ्या बारशापर्यंत पोचलेय. माझं अजून लांब आहे!"

शेवटी वैतागून तिने तो फॉर्म सोडला आणि शेजारच्या संध्याने केलेला भजनी मंडळाचा उघडला. त्यात दिवस, महिना, वर्ष असे तीन साधे चौकोन. मावशीने ते बघता बघता भरले.

"गुणी आहे हो पोरगी!"

बारा वर्षं मी फॉर्म करतोय, पण मला कुणी गुणी म्हटलेलं नाही. माझा नुसता जळफळाट झाला. संध्याने मावशीला तारीख विचारली होती. मी मात्र बिचारीला तिच्याच आयुष्यातून उलटं चालवत होतो.

दुसऱ्या दिवशी गुपचूप तसेच तीन चौकोन घालून मी फोन तिच्यापुढे धरला. सहलीत तिचं नाव लागलं. मी कौतुकाची वाट बघत उभा.

"संध्याने दुरुस्त करून दिला वाटतं?" मावशी म्हणाली.