फंबल, आणि एका दाईचा हात

इंग्रजीतला 'फंबल' हा शब्द मी पुस्तकातून नाही, बोलणी खाऊन शिकले. नर्सिंगच्या ट्रेनिंगला आमच्या सिस्टर ट्यूटर परप्रांतातल्या, त्यांना मराठी जेमतेम. आणि मी आंबागडची, मॅट्रिकला इंग्रजीत काठावर पास. ट्रेमधला चिमटा हातून निसटला, 'डोन्ट फंबल!' पिशवीत कपाटाची किल्ली सापडेना, 'डोन्ट फंबल!' तोंडी परीक्षेत माझं त-त-प-प झालं, तरी तेच. मला वाटायचं, या बाईला एवढा एकच शब्द येतो की काय!

शेवटी वैतागून जाडा शब्दकोश काढला. बाईंचं काही चुकत नव्हतं. हातातली वस्तू नीट न सांभाळता येणं म्हणजे फंबल. न दिसणारी वस्तू हातानं चाचपडत शोधणं, तेही फंबल. शब्द न सापडून अडखळणं, तेही. हाती आलेला चेंडू सुटला तरी हाच शब्द. आपल्याकडे धांदरट वेगळा, अडखळणारा वेगळा आणि चाचपडणारा वेगळा. इंग्रजांनी सगळ्यांना एकाच दाव्याला बांधून टाकलं होतं. ट्रेनिंग संपताना मिळालेल्या माझ्या शेऱ्यातही तो शब्द आलाच, आणि मी वसतिगृहाच्या मोरीत बसून भडाभडा रडले.

नेमणूक मिळाली ती एकोडीकडच्या एका गावात. सत्तरचं दशक सरत आलं होतं. गावात एक म्हातारी दाई होती. चाळीस वर्षं गावची लेकरं तिच्याच हातावर झाली होती. सगळे तिला माय म्हणायचे, मीही म्हणू लागले. पण मनात म्हणत होते, ही अडाणी बाई काय करणार! शिकलेली तर मी होते ना.

ऐन रोवण्यात, म्हणजे भाताच्या लावणीत, भर दुपारी एका घरून बोलावणं आलं. मी बॅग घेऊन पोचले तर माय आधीच बसलेली. बाळंतिणीच्या अंगावर लुगडं पांघरलेलं, मायचे दोन्ही हात त्या लुगड्याखाली आणि तोंड मात्र दाराकडे. बाईशी गप्पा चालल्या होत्या, यंदा भाताचे पऱ्हे कसे झाले, बांधीत पानी किती हाय. मी टॉर्च काढून लुगडं उचलायला गेले तशी ती खेकसली.

"विझव ती बॅटरी! काहून पाह्यतं? तिले लाज वाटते, लाजली का आंग आवळते. आंग आवळलं त लेकरू कसं येईन?"

"पण माय, तुम्हाला दिसतं कसं?"

"मले कायले दिसाले पाह्यजे? बोटं हायेत ना."

माझ्या डोळ्यांदेखत, म्हणजे माझ्या डोळ्यांना काहीच न दिसता, पोरगी जन्माला आली. कळ, श्वास, डोक्याचं वळण, सगळं माय बोटांनी ओळखून सांगत होती आणि सगळं खरं निघत होतं. त्या दिवशी माझी शिकलेपणाची घमेंड पार उतरली. पुढे साबणानं हात धुणं आणि कात्री उकळणं मी तिला शिकवलं. तिनं ते एका फटक्यात उचललं, उलट मीच एकदा विसरले तर मलाच रागावली.

मग सरकारचं दाई प्रशिक्षण आलं. महिनाभर शिकायचं, शेवटी परीक्षा, पास झाली तर प्रमाणपत्र आणि कात्री-साबणाची ॲल्युमिनियमची पेटी. नापास दाईला बोलवू नका, अशी गावात दवंडी देणार होते. मायचा जीव नुसता वरखाली होत होता.

"चाळीस वर्सं लेकरं काढली. आता दवंडी झाली त मी गावात तोंड कसं दाखवू वो बाई? मरून जाईन मी."

परीक्षा आरोग्य केंद्राच्या ओसरीवर होती. टेबलावर फळ्यांची एक चौकट, म्हणजे बाळंतिणीचं पोट, तिला पुढून रबराचं तोंड आणि आत नाळ लावलेली कापडी बाहुली. दिवसाउजेडी सगळं उघडं. भोवती डॉक्टर, कंपाउंडर, ग्रामसेवक आणि दोन बाबू, सगळे पुरुष. मायनं डोक्यावर पदर ओढला आणि हात पुढे केला. आणि काय सांगू, त्या बाईला काही सुधरेना! ती बाहुलीकडे बघू लागली आणि बघता बघता हात गोंधळले. बाहुली निसटून टेबलावर आपटली. कात्री खाली पडली. डॉक्टरांनी विचारलं त्याचं उत्तरही ओठांतच अडकलं. एक बाबू तोंड फिरवून हसला मेला!

डॉक्टर तरुण होते, पुण्याकडून आलेले, स्वभावानं वाईट नव्हते. त्यांनी फॉर्मवर शेरा लिहिला. मी शेजारीच उभी. अक्षर उलटं दिसत होतं, पण तो शब्द मी झोपेतही ओळखला असता. फंबल्स.

माझं टाळकंच सरकलं. बाहुली निसटली, कात्री पडली, जीभ अडखळली, त्या शब्दाचे सगळे अर्थ तिच्यावर नेमके बसत होते, आणि तरी ते धादांत खोटं होतं. मायनं चेहऱ्यांवरून ओळखलंच. ती पदराचं टोक तोंडात धरून खाली बघत राहिली.

"सर, एकदा... म्हणजे सर, तिला... चादर द्या," मी म्हणाले. मीही अडखळलेच.

"चादर कशाला?"

"ती झाकून काम करते सर. बघून करतच नाही. तुम्ही तिला बघायला लावलंत."

डॉक्टरांनी चौकट आपल्याकडे ओढली. मग म्हणाले, "ठीक आहे. बाहुली मी ठेवतो." खाटेवरची चादर मी आणली. त्यांनी मायला भिंतीकडे तोंड करायला सांगून बाहुली आत ठेवली, वरून चादर टाकली. मला वाटलं, मी आगीतून काढून फुफाट्यात तर टाकली नाही ना हिला?

माय टेबलाशी आली. दोन्ही हात चादरीखाली घातले आणि तोंड माझ्याकडे फिरवलं. तोच, त्या बाळंतपणाच्या दुपारचा चेहरा. बोटं हळूहळू सरकत होती, चादरीवर नुसती बारीक हालचाल दिसायची.

"डाक्टर साहेब," ती म्हणाली, "हे लेकरू उलटं हाय. आधी पाय लागून राहिले." हात आणखी आत गेला. "आन मानेले नाळ गुंडाळली हाय. दोन येढे."

डॉक्टरांनी होकाराची मान हलवली. "मग आता काय करशील?"

"काईच नाही करत."

"म्हणजे?"

"असं असन त मी हात लावत नाही. बंडी जुंपाले लावतो आन बाईले तुमच्याकडे घेऊन येतो. आपल्या हातचं का नाही, ते बी हातालेच समजते ना."

मला तिथंच तिचे पाय धरावेसे वाटले. कुठं थांबायचं हे आम्हाला वर्षभर घोकून शिकवलं होतं, आणि तरी किती जणींना ते कळतं?

डॉक्टरांनी पेन उघडलं. स्वतःच लिहिलेला शब्द दोन आडव्या रेघांनी खोडला, शेजारी सही केली आणि वर लिहिलं, उत्तीर्ण. साहेबानं आपली शाई अशी चारचौघांत खोडलेली मी पुढच्या सगळ्या नोकरीत फार थोड्या वेळा पाहिली. मग त्यांनी फॉर्म आणि शाईचं पॅड मायपुढे सरकवलं.

"पास झालीस माय. अंगठा लाव इथं."

तिनं अंगठा शाईत बुडवला, कागदावर नेला, पण तो टेकेना. हात लटलट कापत होता. एकदा फॉर्मवरच्या चौकटीच्या अलीकडे गेला, एकदा पलीकडे. डोळ्यांतून पाणी गळून शाईच्या पॅडवर पडत होतं. तिनं दुसऱ्या हातानं मनगट धरून पाहिलं, तर तोही हात कापत होता.

"धर वो बाई माहा हात," ती म्हणाली, "मले नाही जमून राहिलं."